जस्ती लोखंड कापावे कशाने?

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने लोखंड कापण्याविषयी भाषण करावे, हे पाहून तुम्हांला थोडे नवल वाटेल. माझ्या विद्यार्थ्यांनाही वाटले. त्यांतला एक तर म्हणाला, "सर, मागणी-पुरवठा सोडून हे कुठं?" त्याला जे उत्तर दिले तेच तुम्हांलाही देतो. समोर चार मार्ग असताना त्यांतला एक निवडायचा, आणि निवडताना आपण काय गमावतो याचा हिशेब ठेवायचा, हा माझ्या विषयाचा गाभा आहे. हा हिशेब मी वर्गात वीस वर्षे फळ्यावर मांडत आलो, आणि स्वतःच्या घराच्या पडवीपाशी मात्र साफ चुकलो. त्या चुकीची किंमत थोडी मला आणि बरीचशी दुसऱ्या एका माणसाला द्यावी लागली. म्हणून हे बोलणे.

आमचे घर दापोली तालुक्यातले. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा आमच्या बाजूच्या कितीतरी घरांची कौले आणि पत्रे गेले. आमचीही पुढची पडवी उघडी पडली. तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला आणि पुढच्या जानेवारीत काम काढले. जस्ती पाइपांचा सांगाडा, वर जस्ती पत्रा. मिस्त्री ओळखीचे, भाव नेहमीसारखा किलोवर ठरलेला. त्यांच्या हाताखाली दोन मुलगे होते. त्यांतला एक बी. ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत माझ्याच वर्गात बसलेला आणि पुढे घरच्या अडचणीने शिक्षण सोडलेला. मला पाहून तो जरासा संकोचला. मीही संकोचलो, पण दोघांनी ते दाखवले नाही.

काम सुरू झाले आणि ग्राइंडरचा तो कर्कश आवाज दिवसभर घरात घुमू लागला. आईचे वय झालेले, तिला तो सोसेना. वेल्डिंगच्या धुराने तिला खोकलाही येऊ लागला. मी मिस्त्रींना म्हटले, "मागचा गोठा रिकामाच आहे. तिथे दारे लावून घेऊन कापाकापी आणि वेल्डिंग करा, म्हणजे इकडे त्रास नको." मिस्त्री म्हणाले, "बरं सर." दोन्ही मुलगे सामान उचलून गोठ्यात गेले. मला वाटले, किती सोपी व्यवस्था लागली.

त्याचे पुढे काय झाले ते सांगण्याआधी जस्ती लोखंड म्हणजे काय, ते थोडे सांगायला हवे. नाहीतर पुढचे समजणार नाही.

लोखंड हवेत आणि पाण्यात गंजते, हे कुणालाही सांगायला नको; कोकणातल्या माणसाला तर नकोच. यावर उपाय म्हणून लोखंडावर जस्ताचा थर चढवतात. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवले तर जस्त त्याला घट्ट धरते, ही गोष्ट मालुएँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४२ साली तिथल्या अकादमीपुढे मांडली. तिचा धंदा व्हायला मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली. १८३७ साली सोरेल नावाच्या फ्रेंच अभियंत्याने त्या कृतीचे पेटंट घेतले. बेडकाच्या पायावर विजेचे प्रयोग करणाऱ्या इटलीच्या गॅल्व्हानीचे नाव या कृतीला मिळाले आणि 'गॅल्व्हनाइज्ड' हा शब्द रूढ झाला. आपण बाजारात 'जीआय' म्हणतो तो यातूनच आलेला. जगात जेवढे जस्त वापरले जाते त्यातले सुमारे निम्मे या एकाच कामी खर्च होते, यावरून त्याचा पसारा ध्यानात यावा.

जस्ताची खुबी अशी की ते दोन प्रकारे राखण करते. एक तर रंगासारखे वर बसून पाणी आत जाऊ देत नाही. पण रंगाला ओरखडा गेला की रंगाचे काम संपते, जस्ताचे संपत नाही. उघड्या पडलेल्या लोखंडाशेजारी जस्त असेल आणि दोन्हींवर पाणी असेल, तर लोखंडाऐवजी जस्त स्वतः झिजते. घरातल्या थोरल्या भावाने अंगावर घ्यावे तसे. म्हणूनच कापलेली कड उघडी असूनही पातळ जस्ती पत्रा काठाने लगेच गंजत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा असेल तर कडेचा मधला भाग दोन्ही बाजूंच्या जस्तापासून पाव मिलिमीटरवर असतो. एवढ्या अंतरावर जस्ताचा हात सहज पोचतो. एखाददुसरा मिलिमीटर, तिथवर त्याची सत्ता. त्यापुढे जाड पट्टी, अँगल किंवा चॅनेल कापले तर कडेच्या मध्यावरचे लोखंड बिनधन्याचे राहते.

आता कापताना काय होते ते पाहा. जस्त ४२० अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना त्याची वाफ होते. पोलाद वितळायला दीड हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे उष्णतेने लोखंड कापायचे ठरवले, की लोखंड हलण्याच्या कितीतरी आधी जस्त घर सोडून गेलेले असते. आणि नेमके कापलेल्या कडेजवळ, जिथे त्याची सर्वांत जास्त गरज, तिथूनच ते जाते. सगळा प्रश्न या दोन-तीन आकड्यांत आहे. मी ते आकडे २०२१ च्या जानेवारीत वाचले असते तर बरे झाले असते.

आता गोठ्याकडे वळू. तो सोमवार होता. रविवारची सुट्टी घेऊन मुलगे आले, दिवसभर दारे लावून त्यांनी पाइप कापले आणि जोडले. दार उघडले तेव्हा आत पांढरा धूर होता आणि हवेत कापसाच्या तंतूंसारखे काहीतरी तरंगत होते. संध्याकाळी तो माझा विद्यार्थी म्हणाला, तोंडाला गोडसर, तांब्याच्या भांड्यासारखी चव आली आहे, आणि घसा सुकतो आहे. मी त्याला पाणी दिले. रात्री त्याला हुडहुडी भरून ताप आला, अंग मोडून निघाले. घरच्यांना वाटले हिवताप. रक्त तपासले, हिवताप नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप उतरला आणि बुधवारी तो कामावर हजर. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तेव्हा त्याची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुमच्या घरात काही लागलंय काय त्याला?" तिचा रोख कुठे होता ते मला कळले. पण तिचा तर्क चुकीचा असला तरी प्रश्न बरोबर होता.

या तापाला वैद्यकात धातूच्या धुराचा ताप म्हणतात. जस्ताची वाफ हवेला लागली की तिचे जस्ताच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. तोच तो पांढरा धूर. त्याचे कण इतके बारीक असतात की थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. चार ते दहा-बारा तासांनी थंडी, ताप, अंगदुखी, तहान, खोकला. एक-दोन दिवसांत उतरतो. चमत्कार असा की रोज धूर खाणाऱ्याला शरीर थोडे सरावते, आणि रविवारची सुट्टी झाली की तो सराव मोडतो. म्हणून पश्चिमेकडच्या कारखान्यांत याला पूर्वीपासून सोमवारचा ताप असे नाव आहे. पितळेच्या ओतशाळांत काम करणाऱ्यांनाही तो येई, कारण पितळेत जस्त असते.

आपल्याकडे यावर कामगारांचा ठरलेला उपाय म्हणजे दूध, नाहीतर गूळ. मिस्त्रींनी मुलग्यांना दोन्ही दिले होते. त्यांच्या परीने ते काळजी घेत होते. पण दूध पोटात जाते आणि धूर छातीत, ही साधी गोष्ट आहे. दूध पिण्यात नुकसान काही नाही. त्याच्या भरवशावर बंद खोलीत बसण्यात आहे. तोंडाला बांधलेला रुमालही या कणांना अडवत नाही. एन ९५ सारखा नीट बसणारा मास्क अडवतो, आणि करोनानंतर तो गावोगाव मिळतो, ही एक बरी गोष्ट. त्याहून मोठा उपाय म्हणजे उघड्यावर काम करणे आणि वारा पाठीकडून किंवा कडेने येईल असे उभे राहणे. आणखी एक गोष्ट. ताप दोन दिवसांत उतरला नाही, किंवा दम लागू लागला, तर हा नेहमीचाच म्हणून घरी बसू नये. कॅडमियमच्या मुलाम्याचा धूरही सुरुवातीला अगदी असाच वागतो आणि तो जीव घेऊ शकतो. डॉक्टरांना "काल जस्ती लोखंड जाळले होते" हे एक वाक्य आवर्जून सांगावे. आमच्या डॉक्टरांना ते कुणी सांगितलेच नव्हते. आणि सांगायला हवे हे ज्याला कळायला हवे होते, त्या मीच तर दारे लावायला सांगितली होती.

मुलग्याच्या आईला मी हे सगळे नंतर समजावले. तिने ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "मग दारं उघडी ठेवली असती तर?" यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

असो. कापण्याच्या साधनांकडे वळतो.

आपल्याकडे नव्याण्णव ठिकाणी वापरतात ते ग्राइंडर. हातात मावणारे, चार इंची चकती, मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे. कुठेही नेता येते, काहीही कापते, आणि चकती स्वस्त. पाइपांसाठी त्याचा थोरला भाऊ, चौदा इंची चकतीचे कटऑफ मशीन. दोन्हींची रीत एकच: घासून कापणे. घासण्याने कड तापते, तिथले जस्त जळते, आणि कडेला निळसर-काळी पट्टी उठते. गॅस किंवा प्लाझ्माच्या मानाने ती अरुंद असते, म्हणून जाड सांगाड्याच्या कामात, नंतर नीट डागडुजी करणार असाल तर, ग्राइंडर चालेल असे मी म्हणेन. त्याला मी अगदीच वाळीत टाकत नाही.

पण पत्र्याच्या बाबतीत मात्र टाकतो. कारण ठिणग्या. ती नुसती आतषबाजी नसते. प्रत्येक ठिणगी म्हणजे तापून लाल झालेला पोलादाचा कण. तो शेजारच्या जस्तावर पडला की त्यात रुतून बसतो. पहिल्या पावसात तो कण गंजतो आणि आजूबाजूच्या जस्तालाही खातो. आमच्या मिस्त्रींनी छपरावर पत्रे आधी घातले आणि जास्तीची लांबी वर बसूनच ग्राइंडरने उडवली. २०२१ च्या जुलैत पाहतो तो पत्र्यांना गोवर आल्यासारखे तांबूस ठिपके! मी दुकानदाराशी भांडायला निघालो होतो की माल खोटा दिलात. माल चांगला होता. रंगीत पत्रे बनवणाऱ्या कंपन्या तर छपरावर घासणारी चकती चालवू नका म्हणून बजावतात. आणि कोणत्याही साधनाने कापले किंवा भोक पाडले तरी पडलेला भुगा त्याच दिवशी मऊ कुंच्याने झाडून काढा असे सांगतात. आमच्या छपरावरचा भुगा पावसाने झाडला.

ग्राइंडरविषयी आणखी एक बोलतो. जस्ताशी त्याचा संबंध नाही, पण न बोलता पुढे जाववत नाही. चकतीवरचे अर्धगोल झाकण काढून टाकलेली ग्राइंडरे मी इतकी पाहिली आहेत की झाकणासकट पाहिले की नवल वाटते. झाकण असले की कोपऱ्यात हात जात नाही, अशी तक्रार. चकती फुटली तर तिचा तुकडा कुठे जातो हे ज्याने पाहिले आहे तो अशी तक्रार करत नाही. चकतीवर जास्तीत जास्त फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो आणि मधल्या धातूच्या कडीवर बहुधा मुदतही. दमट हवेत पडून राहिलेली, मुदत सरलेली चकती दहा रुपये वाचवायला वापरू नये. आणि कापायची चकती आडवी धरून घासायला तर कधीच नाही.

गॅसकटिंगचे थोडक्यात सांगतो. त्यात लोखंड नऊशे अंशांपर्यंत तापवून प्राणवायूच्या झोताने अक्षरशः जाळायचे असते. नऊशे अंश म्हणजे जस्त उकळण्याची वेळ. तेव्हा धूर सर्वांत जास्त यात, आणि जस्त जळालेला पट्टाही सर्वांत रुंद. जुने जस्ती सामान मोडीत काढताना लोक गॅसने कापतात, त्यांनी विशेष जपावे. जुन्या मुलाम्याच्या जस्तात थोडे शिसेही असे. प्लाझ्मा झपाट्याने कापतो, म्हणून कड कमी तापते, पण धूर आहेच. जाड प्लेट असेल आणि जस्त नंतर चढवायचे असेल तर या दोन्ही रीती योग्य आहेत. जस्त आधीच चढलेले असेल तर मी त्यांना शेवटचा क्रम देईन.

मोठ्या गावांत हल्ली लेझरने पत्रा कापून मिळतो. नक्षीची जाळी, एकसारखे शंभर तुकडे, असे काम असेल तर तो उत्तम. त्यात नायट्रोजन वायू वापरून कापायला सांगावे, म्हणजे कड काळी पडत नाही. पाण्याच्या झोताने कापणारी यंत्रेही आहेत. उष्णतेचा प्रश्नच नाही, पण वेळ आणि पैसा भरपूर, आणि ओले तुकडे एकावर एक रचून ठेवले तर जस्तावर पांढरी बुरशी चढल्यासारखी पूड उठते. ती जस्ताचीच गंज. पडवीसाठी या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

राहिल्या थंड रीती, आणि माझे मत विचाराल तर जस्ती मालाला त्याच मानवतात. थंड म्हणजे ज्यात धातू तापत नाही: कात्री, करवत, आणि मोठ्या कामाला शिअरिंग मशीन.

पातळ पत्र्याला हातकात्रीसारखे साधन नाही. बाजारात तीन मुठींच्या मिळतात: पिवळी सरळ कापते, लाल डावीकडे वळते, हिरवी उजवीकडे. एक-सव्वा मिलिमीटरपर्यंत हाताने कापता येते. छपराचा पत्रा त्याच्या निम्माच असतो. पन्हळी पत्रा आडवा कापताना हात दुखतो खरा, वेळही लागतो. त्यासाठी विजेवर चालणारी, पत्र्याचे बारीक तुकडे टिपत जाणारी यंत्रे मिळतात. ठिणगी नाही, फक्त त्या टिकल्या वेचून काढाव्या लागतात, नाहीतर अनवाणी पायात घुसतात. लांब सरळ काप असेल तर तालुक्याच्या ठिकाणी शिअरिंग मशीनवर पत्रा नेऊन टाकावा. पाते धारदार असेल आणि दोन पात्यांतले अंतर पत्र्याच्या जाडीला बेताचे असेल, तर कापताना वरचे जस्त ओढले जाऊन कडेच्या काही भागावर पसरते. कापणारे हत्यारच थोडी मलमपट्टी करते म्हणा ना! पाते बोथट असले तर मात्र कडेला दाते राहतात आणि त्या दात्यांवर जस्त टिकत नाही.

पाइपाला करवत. आपल्याकडे तिला एक्सा ब्लेड म्हणतात. इंग्रजी नावाचा कुणी तरी केलेला हा संक्षेप मला मूळ नावापेक्षा आवडतो. नियम एवढाच की कापायच्या जाडीत एका वेळी निदान दोन-तीन दाते बसले पाहिजेत, नाहीतर दाता अडकून तुटतो. दोन मिलिमीटर जाडीच्या पाइपाला इंचात चोवीस किंवा बत्तीस दात्यांचे पाते घ्यावे. एक ब्लेड, थोडे तेल आणि शिकंजा. दहा-वीस तोडांना पुष्कळ. शंभर-दोनशे तोड असतील तर बँडसॉ, किंवा सावकाश फिरणारी दातेरी चकती असलेले पाइप कापायचे मशीन. त्यातून निघतो तो भुगा जाड, थंड. जस्त कडेपर्यंत शाबूत. यंत्र महाग, म्हणून गावातल्या प्रत्येक दुकानात नसते. पण एका बाजारपेठेतल्या चार फॅब्रिकेशनवाल्यांनी मिळून एक घेतले तर? भात झोडायचे यंत्र चार शेतकरी मिळून घेतात की नाही?

इथवर आपण जस्त चढलेला माल कापण्याचे बोललो. पण जिथे शक्य असेल तिथे क्रमच उलटा करावा. साधे काळे लोखंड आणावे, हवे तसे कापावे, जोडावे, भोके पाडावीत, आणि मग अख्खी वस्तू जस्ताच्या कढईत बुडवून आणावी. विजेचे मनोरे, महामार्गांच्या कडेची संरक्षक पट्टी अशीच तयार होते. मग कापलेली कड उरतच नाही, सगळीकडे जस्त. आणि थरही जाड. बाजारच्या चांगल्या जस्ती पत्र्यावर दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून २७५ ग्रॅम जस्त असते, म्हणजे एका बाजूला जेमतेम वीस मायक्रॉन. स्वस्तातल्या १२० ग्रॅमच्या मालावर आठ-नऊ. बुडवलेल्या जाड पोलादावर मात्र सुमारे ८५. खाऱ्या वाऱ्यात हा फरक वर्षांत मोजावा लागतो. बाजारात 'जीपी' आणि 'जीआय' असे दोन पाइप मिळतात, दिसायला सारखेच. जीपी हा आधी जस्त चढवलेल्या पत्र्याची गुंडाळी करून बनवलेला, त्याचा थर पातळ. जीआय पाइप बनल्यावर बुडवलेला असतो. माझ्या पडवीत कोणता होता ते तुम्ही ओळखले असेल.

बुडवायला पाठवण्याआधी दोन गोष्टी. गॅस, प्लाझ्मा किंवा लेझरने कापलेली कड कडक झालेली असते आणि तिच्यावर जस्ताचा थर पातळ बसतो किंवा पुढे पोपडा सुटतो. म्हणून ती कड ग्राइंडरने घासून घ्यावी. (इथे ग्राइंडरचे काम आहे!) दुसरी गोष्ट जिवाची. बंद तोंडाचा पाइप कधीही बुडवायला देऊ नये. कढईतले जस्त साडेचारशे अंशांचे असते; आत कोंडलेली हवा आणि ओल फुगून पाइप फुटतो आणि वितळलेले जस्त माणसांवर उडते. दोन्ही टोकांना, समोरासमोरच्या कोपऱ्यांत भोके ठेवावीत. ती भोके कापायच्या वेळीच ठरवायची असतात. नंतर आठवून उपयोग नाही. आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावाजवळ असा कारखाना कुठे? खरे आहे, वाहतूक पडते. म्हणून पडवीला नाही, पण फाटकाला, पाण्याच्या टाकीच्या मनोऱ्याला, गच्चीच्या जिन्याला, जे वीस-तीस वर्षे उन्हापावसात राहायचे त्याला हा विचार जरूर करावा.

कापून झाल्यावर कडेला काय लावायचे, हा प्रश्न उरतो, आणि इथे सर्वांत मोठी फसगत होते. फॅब्रिकेशनवाले काम संपताना एका डब्यातून चकचकीत चंदेरी रंग काढून सगळ्या तोडांना आणि जोडांना फासतात. काम एकदम नव्यासारखे दिसते. तो रंग बहुधा ॲल्युमिनियमचा. जस्तासारखा दिसतो, जस्ताचे काम करत नाही. त्याखाली गंज चढला तरी वरून कळत नाही. खरा उपाय म्हणजे जस्तयुक्त रंग, ज्यात सुकल्यावर बहुतेक जस्ताची पूडच उरते. तो करडा, मंद दिसतो, म्हणून गिऱ्हाइकाला आवडत नाही! लावण्याआधी जळका भाग तारेच्या ब्रशने किंवा कागदाने घासून उजळ करावा, तेल पुसावे, आणि एकावर एक असे थर द्यावेत की रंगाची जाडी मूळ जस्तापेक्षा कमी भरू नये. डब्यावर 'झिंक' हा शब्द वाचून घ्यावा. चंदेरी रंग हवाच असेल तर तो यावर, शोभेपुरता.

आता माझ्या विषयाची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. हे सगळे मिस्त्रींना ठाऊक नव्हते का? बरेचसे होते. मी नंतर विचारले तेव्हा ते म्हणाले, "सर, तुम्ही किलोवर भाव ठरवलात. तोडीवर नाही. एक्सानं कापलं तर दिवस जातो, ग्राइंडरनं दोन मिनिटं. दिवसाचे पैसे कुणी देतंय का?" मी गप्प झालो. वजनावर मोल ठरले की वजन लवकर उचलून देणे यातच शहाणपण आहे. कडेची काळजी, मुलग्याच्या छातीची काळजी यांना त्या भावात जागाच नव्हती. भाव घासून घासून मीच खाली आणला होता आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता. तेव्हा काम देताना नुसता किलोचा दर विचारू नका. कापणार कशाने, कुठे बसून, तोडांना काय लावणार, हे विचारा, कागदावर लिहून घ्या, आणि त्याचे वेगळे पैसे द्या. फार होत नाहीत.

२०२३ च्या उन्हाळ्यात सांगाड्याची गंजलेली टोके आम्ही पुन्हा कापली. काम केले त्याच माझ्या विद्यार्थ्याने. आता तो स्वतःची कामे घेतो. एक्सा ब्लेडने अंगणात बसून कापले, टोकांना झाकणे बसवली, जिथे वेल्डिंग अटळ होते तिथे आधी दोन बोटे जस्त घासून काढले, आणि मास्क न सांगता लावला. आईने आवाजाची तक्रार केली नाही. तिला मी त्या दिवसांपुरते मामांकडे पोचवले होते. गोठ्याची दारे बिजागरीतून काढून ठेवली आहेत. पत्रे मात्र अजून तेच, ठिपक्यांचे. ते येत्या एप्रिलात बदलायचे आहेत. या वेळी छपराची लांबी मोजून दिली आहे आणि पत्रे कारखान्यातूनच त्या मापाचे कापून मागवले आहेत.